अमेरिकेतील ढोलपथके आणि त्यांची हंगामापूर्वीची मैफल

गेल्या दिवाळीनंतरच्या ज्ञातिसंमेलनात, भोजनोत्तर गप्पांच्या वेळी, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या आपल्या एका कुटुंबाने प्रस्तुत लेखकासमोर एक गृहकलह निवाड्यासाठी ठेवला. घरातील सतरा वर्षांच्या मुलीस उन्हाळ्याच्या सुट्टीत एका ‘ड्रम कोअर’मध्ये जाऊन ढोल वाजवावयाचा होता. त्यासाठी प्रथम निवडपरीक्षा द्यावयाची आणि निवड झाल्यास वर काही हजार डॉलर शुल्क भरावयाचे, असा तो मामला होता. आईबापांचे मन द्विधा होते. आजोबांचा मात्र ठाम विरोध होता. या आजोबांनी तरुणपणी गावच्या देवळातील नगारा सोडून तालुक्याच्या कचेरीत कारकुनी धरली होती. ज्या टिपऱ्या खाली ठेवल्या म्हणून घराला मान मिळाला, त्याच टिपऱ्या नातीने पैसे मोजून पुन्हा हाती घ्याव्यात, हे त्यांना उमजत नव्हते.

निवाडा देण्यापूर्वी माहिती करून घेतली पाहिजे, असे सांगून मी वेळ मागून घेतला. ती माहिती ज्ञातिबांधवांसही रुचेल असे वाटल्यावरून हा लेख.

‘कोअर’ या शब्दाचा अर्थ पथक. मूळ शब्द फ्रेंच व लष्करी आहे आणि वस्तूही मूळची लष्करीच. बिनतारी संदेशयंत्र येण्यापूर्वी रणांगणावर सेनापतीचा हुकूम शिपायांपर्यंत पोहोचावयाचा तो ढोलाच्या आणि बिगुलाच्या आवाजाने. उठणे, जेवणे, चाल करणे, माघार घेणे, प्रत्येकाचा ठोका निराळा. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) हे ढोल वाजविणारे पुष्कळदा कोवळी पोरे असत. पुढे पहिले महायुद्ध संपले, सैनिक घरी परतले आणि १९१९ साली अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संस्था स्थापन झाली. लढाईत आता ढोलबिगुलांचे काम उरले नव्हते; ती वाद्ये स्वस्तात मिळू लागली. गावोगावच्या माजी सैनिकांनी त्यांची पथके उभारली, आणि पाठोपाठ चर्च, स्काऊट, पोलीस यांच्या आश्रयाने मुलांची पथके निघाली. विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसन स्काऊट्स हे पथक १९३८ सालचे, शिकागोजवळचे कॅव्हेलिअर्स १९४८ सालचे. आपल्याकडे संस्थाने गेल्यावर नगारखाने ओस पडले. त्यांच्याकडे लष्कराने टाकलेले वाद्य गल्लीतल्या मुलांनी उचलले.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या जिव्हाळ्याचे आहे. युरोपात तेराव्या शतकाच्या सुमारास धर्मयुद्धांच्या निमित्ताने अरबांकडून लहान नगाऱ्यांची जोडी गेली. इंग्रजीत तिला ‘नेकर’ म्हणत, आणि हा शब्द अरबी ‘नक्कारा’चाच अपभ्रंश होय. आपला ‘नगारा’ही त्याच शब्दापासून आलेला. घोड्यावर लादावयाचे मोठे नगारे त्यानंतर तुर्कांकडून पूर्व युरोपमार्गे तेथे पोहोचले आणि त्यांचेच पुढे ‘टिंपनी’ झाले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील या पथकांतील मुले असले नगारे अंगावर बांधून मैदानात चालत. देवळाच्या माडीवर बसलेला आपला नगारा आणि त्या मुलांच्या छातीवरचा नगारा एकाच कुळातले आहेत, हे वाचून मला तरी दोन क्षण पुस्तक मिटून बसावेसे वाटले.

आता त्यांच्या विद्येकडे वळू. आपल्याकडे बोल तोंडाने म्हणावे आणि मग हाताने काढावे, ही रीत. माझे वडील मला आधी पढंत करावयास लावीत. टिपरी हातात मिळे ती त्यानंतर. अमेरिकन ढोलियांतही हेच आहे. डाव्या-उजव्या हाताच्या ठराविक जोडण्यांना त्यांनी नावे दिली आहेत आणि त्यांतली काही नावे थेट आवाजावरून आलेली आहेत. ‘पॅराडिडल’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहावा. त्यातच चार ठोके वाजतात. प्रत्येक हाताने दोन-दोन ठोके देत जाण्याच्या घोटणीला तर जुने उस्ताद ‘डॅडी-मम्मी’ म्हणत. १९३३ साली शिकागो येथे अमेरिकन लीजनच्या अधिवेशनाच्या वेळी तेरा वादक एकत्र बसले आणि त्यांनी अशा २६ पाठांची यादी पक्की केली. १९८४ साली ती वाढवून ४० करण्यात आली. म्हणजे एखाद्या मुलाने कोणत्याही गावी, कोणत्याही गुरूकडे विद्या घेतली तरी पाया तोच. आपल्या घराण्यांत जे बोल होते ते त्या त्या घरापुरते राहिले. शेजारच्या गावच्या आपल्याच भाऊबंदाला ते सांगावयाचे नाहीत, असाही कित्येकांचा दंडक होता. त्या दंडकाने काय राखले आणि काय घालविले, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा या गावी, जेथे आज आपली बरीच मुले संगणकाच्या नोकऱ्यांसाठी राहतात, १९६७ साली ‘सांता क्लारा व्हॅनगार्ड’ हे पथक निघाले. त्याचे संस्थापक गेल रॉयर हे संगीताचे शिक्षक होते. शिक्षकी पेशातील माणसाने वर्गाबाहेर काही उभे केलेले पाहिले की मला विशेष आनंद होतो, आणि तो मी लपवीत नाही. त्या काळी स्पर्धा भरवीत त्या माजी सैनिकांच्या संस्था. नियम त्यांचे, परीक्षक त्यांचे, आणि बक्षिसाची रक्कम इतकी बेताची की प्रवासाचाही खर्च निघू नये. अखेर कॅव्हेलिअर्सचे डॉन वॉरन, वायोमिंगमधील ट्रूपर्सचे जिम जोन्स इत्यादींच्या पुढाकाराने १९७१ साली काही पथकांनी आपला स्वतंत्र गट केला. व्हॅनगार्ड त्या गटात होते. यातून ‘ड्रम कोअर इंटरनॅशनल’ ही संस्था जन्मास आली आणि तिचा पहिला अजिंक्यपदाचा सामना १९७२ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधील व्हाइटवॉटर येथे झाला. अनाहाइम किंग्जमेन हे पथक पहिले आले, व्हॅनगार्ड तिसरे. पुढच्याच वर्षी, १९७३ साली, व्हॅनगार्डने अजिंक्यपद मिळविले. वाजविणाऱ्यांनी वाजविण्याचे नियम स्वतः ठरवावेत, एवढीच या बंडाची मागणी होती.

या पथकांचे वर्ष मोठे शिस्तीचे असते. हिवाळ्याच्या तोंडी निवडपरीक्षा. मग महिन्याकाठी शनिवार-रविवारी शिबिर. मे महिन्यात मुले एखाद्या शाळेच्या किंवा कॉलेजच्या आवारात मुक्कामालाच जातात. व्यायामशाळेच्या फरशीवर पथारी आणि सकाळपासून रात्रीपर्यंत सराव. जूनपासून गावोगाव दौरा, आणि ऑगस्टमध्ये अंतिम सामना, जो २००९ सालापासून इंडियानापोलिस शहरी भरत आला आहे. एवढा सारा खटाटोप कशासाठी, तर दहा-बारा मिनिटांच्या एकाच रचनेसाठी. उभ्या वर्षात दुसरे काही वाजवावयाचे नाही. तेच घासावयाचे, तेच बदलावयाचे. वयाची बाविशी आली की पथकातून निरोप.

दौरा सुरू होण्यापूर्वी पुष्कळ पथके एक मैफल करतात. गावची मंडळी, आईबाप, पूर्वीचे वादक आणि देणगीदार यांना बोलावून यंदाचे नवे संगीत ऐकवितात. मुलीने धाडलेल्या चित्रफितींवरून अशा काही मैफली मी पाहिल्या आहेत. मैदानावरचा झगमगाट येथे नसतो. बहुधा भरजरी गणवेशही नसतो. मुले साध्या सदऱ्यांत, अर्धवर्तुळ करून जागच्या जागी उभी राहतात. पितळी वाद्ये मागे, ढोल मध्ये. एखादा भाग अद्याप बसलेला नसतो, तर एखाद्या रचनेचा शेवटच ठरलेला नसतो. मग शिक्षक पुढे येऊन तसे सांगून टाकतात आणि श्रोते हसतात.

आधीच हाताशी वेळ थोडा, त्यात अपुरे काम लोकांपुढे का ठेवावे, अशी शंका मलाही आली होती. तिचे उत्तर ध्वनीच्या गतीत आहे. फुटबॉलचे मैदान सुमारे ४९ मीटर रुंद असते. मागच्या कडेच्या ढोलाचा आवाज पुढच्या कडेला पोहोचावयास सेकंदाचा सातवा भाग लागतो. द्रुत लयीत, मिनिटाला १८० मात्रा धरल्या तर, मात्रेचा चौथा हिस्सा याहूनही लहान होतो. म्हणजे मैदानात दोन टोकांची मुले कानावर विसंबून एकत्र वाजवू म्हणतील तर ठोका फुटणारच. म्हणून मैदानात कोणी कोणाचे ऐकावयाचे आणि कोणी नुसते हाताकडे पाहावयाचे, याचे काटेकोर नियम असतात. मैफलीत सारे जवळ उभे असतात. तेथे नियमांची कुबडी काढून घेतली जाते आणि मुले एकमेकांना खरोखर ऐकतात. धावपळीत झाकून जाणारा कच्चा हात तेथे उघडा पडतो. देवळात नव्या मुलाने प्रथम नगाऱ्यावर बसावयाचे ते गर्दीच्या आरतीला कधीच नाही. भल्या पहाटे, पुजारी आणि दोन म्हातारी माणसे एवढ्यांसमोर. त्यामागील शहाणपण हेच होते.

या पथकांतील मोठ्या ढोलांची योजना तर मला फारच आवडली. पाच आकारांचे पाच ढोल, पाच वादक, आणि प्रत्येकाच्या वाट्याला बोलाचा एकेक तुकडा. एकाने वाजविला तर अर्थ नाही. पाचही जणांचे ठोके एकापाठोपाठ पडले तरच बोल पुरा होतो. आपली मुलगी यांतला चौथा ढोल वाजविते.

कातड्याविषयी थोडे सांगावयास हवे. पावसाळी हवेत नगारा उतरतो आणि तो शेकावा लागतो, हे आपल्यातील जुन्या माणसांस सांगावयास नको. अमेरिकेत वासराच्या कातड्याची जागा १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्लास्टिकने घेतली. पुढे स्नेअर ढोलांवर केव्हलारची, म्हणजे गोळी अडविणाऱ्या चिलखतात वापरतात त्या धाग्याची, पाने चढली. ती इतकी ताणता येतात की ठोका लाकडावर पडल्यासारखा कोरडा व स्पष्ट येतो. घुमारा मात्र गेला. हा बदल मला व्यक्तिशः पसंत नाही. परंतु पावसात भिजत वाजविणाऱ्याला माझी पसंती विचारण्याचे कारण नाही. बिगुलांचेही असेच झाले. साधे लष्करी बिगूल जाऊन कळीची पितळी वाद्ये आली, आणि २००० सालापासून कोणत्याही पट्टीच्या वाद्यांस मुभा मिळाली. जुने लोक तेव्हा रागावले होते, असे दिसते. ते सर्वत्र रागावतात.

या विद्येला तेथे राजाश्रय आहे, असे मात्र कोणी समजू नये. वर्गणी, देणग्या, मुलांचे शुल्क यांवर गाडा चालतो आणि तो अडतोही. २०२० सालचा हंगाम महामारीमुळे रद्द झाला. सात वेळा अजिंक्य ठरलेल्या सांता क्लारा व्हॅनगार्डला आर्थिक अडचणींमुळे २०२३ सालचा हंगाम सोडून द्यावा लागला. २०२४ साली ते पुन्हा मैदानात आले. त्याच २०२४ साली, १९३४ पासून चालत आलेले ‘कॅडेट्स’ हे नामांकित पथक कायमचे बंद झाले. तेव्हा हंगामापूर्वीच्या मैफलीस येऊन बसणारा प्रत्येक आजा-आजी त्या पथकाच्या दृष्टीने केवळ श्रोता नसतो.

आता निवाड्याविषयी. तो देण्याचा मला अधिकार कितपत आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझ्या वर्गात आपल्या समाजाचा एक मुलगा होता. पहाटेचा चौघडा तो सबंध वाजवी. आणि त्याचा डावा हात असा होता की तसा मी माझ्या वडिलांनंतर पाहिला नाही. टिपऱ्या ठेव आणि अपूर्णांक घोट, असे त्याला मी निक्षून सांगितले. माझा हेतू वाईट नव्हता. देवळाची सेवा म्हणजे वर्षाकाठी चार पायली धान्य आणि पंगतीत शेवटचे पान, हे मी घरात पाहिले होते. मुलगा पास झाला आणि एस. टी.त कंडक्टर झाला; त्याचे बरे चालले. त्या गावच्या देवळात आज आरतीला विजेवर चालणारे यंत्र नगारा वाजविते. बटन दाबले की दोन लोखंडी हात एकाच लयीत आपटत राहतात. हे यंत्र बसविण्यासाठी जी वर्गणी झाली, तीत मीही एक्कावन्न रुपये दिले होते.

म्हणून मी आजोबांना एवढेच लिहिले की, आपण टिपऱ्या खाली ठेविल्या त्या लाचारीपायी, टिपऱ्यांचा तिरस्कार म्हणून नव्हे. आणि नातीच्या वाट्यास ती लाचारी आलेली नाही. उत्तर आले नाही. मुलीने मात्र निवडपरीक्षा दिली आणि ती उत्तीर्ण झाली.

मे महिन्याच्या अखेरीस तिच्या पथकाची मैफल झाली. आजोबांनी ती गावी बसून, मोबाइलवर पाहिली. रात्री त्यांचा मला दूरध्वनी आला. मैफल कशी झाली, मुलगी कशी दिसली, यांविषयी ते एक अक्षर बोलले नाहीत. पाच मोठ्या ढोलांपैकी दुसऱ्या ढोलावरच्या मुलाचा डावा हात उशिरा पडतो आणि त्यामुळे आमच्या मुलीचा ठोका उगाच चुकल्यासारखा वाटतो, हे तिथल्या मास्तरांना कोणी कळविले आहे काय, अशी त्यांची पृच्छा होती.