अवधान मागणारे पहिले पान

कादंबरीचे पहिले पान वाचकाला का धरून ठेवते, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा लेखकाच्या शैलीत शोधतो. मराठी कादंबरीपुरते बोलायचे तर एवढ्याने भागत नाही, असे आम्हांला वाटते. मराठी ग्रंथाचे पहिले पान दीर्घकाळ एकट्या वाचकासाठी नव्हतेच. घरात एकाने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे, या रीतीने ते घडवले. तेव्हा पहिल्या पानाचा इतिहास हा काही अंशी घराचाही इतिहास ठरतो.

अठराव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत श्रीधरांचे 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' हे ग्रंथ सिद्ध झाले आणि पुढे चातुर्मासात घरोघर लावले जाऊ लागले. या पोथ्यांचा आरंभ ठरलेला असे: गणेश, सरस्वती, सद्गुरू यांना वंदन आणि मग श्रोत्यांना साद. त्याहून पुष्कळ आधी, 'ज्ञानेश्वरी'च्या नवव्या अध्यायाच्या प्रारंभी ज्ञानेश्वरांनी श्रोत्यांकडे अवधानच मागितले आहे. वाती वळता वळता ऐकणाऱ्या आजीला अक्षरओळख नसली, तरी ग्रंथ तिचाही होता. अर्थात ही सोय सर्व घरांना नव्हती. कित्येक जातींच्या वाट्याला पोथीही येत नव्हती, आणि स्त्रीने ऐकावे पण स्वतः वाचू नये, हा दंडक तर बहुतेक घरांत होता. जोतीरावांनी सावित्रीबाईंना शिकवले, १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली आणि या कामापायी १८४९ मध्ये दोघांना राहते घर सोडावे लागले. घरच्या माणसाबरोबर पुस्तक वाटून घेणे ही तेव्हा इतकी महाग गोष्ट होती.

अशा काळात मराठी कादंबरी आली. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ चे, लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' १८७१ ची. या नव्या ग्रंथप्रकाराला फलश्रुती नव्हती. वाचून पुण्य लाभत नाही, मग वाचायचे कशासाठी? शिवाय तो लेकीसुनांच्या हाती द्यावा काय, ही शंका होतीच. मंगलाचरण गेल्यावर त्याच्या जागी काय ठेवायचे, हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हता. घरात प्रवेश कसा मिळवायचा, हा प्रश्न होता.

हरिभाऊ आपट्यांनी त्याचे उत्तर दिले. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक काढले, आणि 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी त्यातूनच क्रमशः प्रसिद्ध झाली. येथे बोलते ती यमू. ती देवाला वंदन करीत नाही, अद्भुताचा पडदाही उघडत नाही. माहेरच्या लहानपणापासून ती स्वतःची हकीकत सांगू लागते. सांगणारीचा सूर ओळखीचा, घरातलाच. अंक उंबरठ्याच्या आत आला की यमूही येई. मग तिचा नवरा रघुनाथराव तिला लिहावाचायला शिकवतो, मुंबईच्या बिऱ्हाडात तिचे मन उमलू लागते, आणि वैधव्यानंतर तिचे सक्तीने केशवपन होते. आरंभीचा तो घरगुती सूर किती मोठा भार वाहणार होता, हे तेथे कळते. पहिल्याच पानावर लेखकाने सामाजिक प्रश्न मांडला असता तर किती घरांनी ऐकून घेतले असते, याचा विचार करावा.

यमूची कथा कल्पित असली तरी तिच्यातले वाचन कल्पित नव्हते. १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी रमाबाई रानड्यांचे लग्न झाले, तेव्हा त्यांना वाचता येत नव्हते. न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतले आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा रोष रमाबाईंना सोसावा लागला. १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात हे सारे आले आहे. रोष करणाऱ्या त्या बायकांना पुस्तक अपरिचित नव्हते. पोथी त्यांनीही ऐकली होती. ऐकणारी बाई वाचणारी झाली की घरातली जागा बदलते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

पुढे साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभाकडे रचना म्हणून आपण क्वचितच पाहतो. आश्रमात प्रार्थनेनंतर मंडळी जमतात आणि श्याम आईच्या आठवणी सांगू लागतो. प्रकरणांना नावही 'रात्र' असेच. म्हणजे लेखकाने श्रोत्यांचा मेळा पुस्तकाच्या आतच बसवला आहे. पोथीतले श्रोते येथे परत आले, फक्त देवाच्या जागी आई आहे. हे पुस्तक घराघरांत मोठ्याने वाचले गेले, याचे बीज त्या मांडणीतही आहे.

१९६३ च्या 'कोसला'त मात्र हा मेळा उठून गेलेला दिसतो. पांडुरंग सांगवीकर आपले नाव आणि पंचविशीतले वय सांगून थेट बोलू लागतो. कादंबरी घराने भरलेली आहे: वडील आहेत, बहिणीचा मृत्यू आहे. तरी ज्या घराविषयी तो बोलतो, त्या घरासमोर ही कादंबरी मोठ्याने वाचण्याची कल्पना अवघड वाटते. भाषा बोलण्याची, पण ऐकणारा एकटा. हे अधःपतन नव्हे. घराला सांगता येत नाही असे काही असते, हेही कादंबरीनेच सांगायचे असते.

आम्ही वर्गात कादंबरी शिकवतो तेव्हा तिचे कथानक, व्यक्तिरेखा आणि प्रवाह शिकवतो. परीक्षेला तेवढे पुरते. परंतु मार्गदर्शिकेतला सारांश अवधान मागत नाही, पहिले पान मागते. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांना आमची एक सूचना आहे. अभ्यासाला लावलेल्या कादंबरीचे पहिले पान घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवावे, शक्यतो ज्यांना महाविद्यालयात जाता आले नाही त्यांना. ती व्यक्ती 'पुढे काय?' असे विचारते, की उठून कामाला लागते, की मध्येच आपलीच हकीकत सांगू लागते, हे पाहावे. त्या पानाची कोणतीही समीक्षा त्यानंतर लिहावी.