बोरगाव (ता. सौसर) व घाटाखालचा मुलूख

बोरगाव : मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्याच्या सौसर तालुक्यातील गाव व औद्योगिक केंद्र. नागपूर–छिंदवाडा महामार्गावर, नागपूरच्या वायव्येस सुमारे ६० किमी. सावनेर ओलांडून महाराष्ट्राची हद्द मागे टाकली की थोड्याच अंतरावर हे गाव लागते. सौसर आणि पांढुर्णा हे दोन्ही तालुके पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये दोहोंचा मिळून स्वतंत्र पांढुर्णा जिल्हा झाला. हिंदी पाट्यांवर ‘सौंसर’ असे लिहिलेले दिसते, बोलण्यात दोन्ही उच्चार चालतात. राज्य बदलले तरी बोली बदलत नाही. पानठेल्यावर, बसथांब्यावर, वावरात कानावर पडते ती वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठीच.

बहुतेक प्रवासी बोरगाव पाहतात ते मोटारीच्या काचेतून. कारखान्यांच्या भिंती, ट्रकांच्या रांगा, ढाबे, आणि मग घाट. पचमढीला निघालेल्या माणसाला येथे थांबण्याचे कारण वाटत नाही. या नोंदीचा आग्रह मात्र असा, की सातपुड्याचा दक्षिण उतार, त्याच्या पायथ्याच्या नद्या आणि तिथली जुनी गावे पाहायची असतील, तर येथेच थांबावे.

भूरचना : जुन्या छिंदवाडा जिल्ह्याचे ब्रिटिश काळापासून दोन भाग मानले जात, घाटावरचा बालाघाट आणि घाटाखालचा झेरघाट. बोरगाव, सौसर, लोधीखेडा हा सगळा मुलूख झेरघाटात येतो. वर छिंदवाड्याचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ६७० मी. उंच आहे. सौसर त्याच्या जवळपास निम्म्या उंचीवर, नागपूरच्या मैदानाला लागून. या दोहोंमधली चढण म्हणजे सिल्लेवानीचा घाट. सौसरहून रामाकोना मागे टाकून उमरानाल्याकडे निघाले की काळी कपाशीची जमीन संपते, सागाचे रान सुरू होते आणि रस्ता वळणे घेऊ लागतो. पावसाळ्यात वर धुके आणि खाली ऊन असे दोन्ही एकाच तासात भेटते.

कन्हान नदी वरच्या सातपुड्यातून निघून या मुलखातून खाली उतरते आणि पुढे नागपूर जिल्ह्यात शिरते. जाम ही तिची उपनदी पांढुर्ण्याकडून येते. उन्हाळ्यात पात्रे आटली की वाळूचे रुंद पट्टे उघडे पडतात. समुद्र शेकडो कोस दूर असलेल्या या भागात पोरांचे खेळ, टरबुजाच्या वाड्या आणि जत्रेचा मुक्काम हे सारे पिढ्यान्‌पिढ्या त्या वाळूवरच होत आले. वाळूच्या बेसुमार उपशाने हे पट्टे खरवडले जात आहेत. या परिसराचे याहून मोठे नुकसान दुसरे नाही.

खडक : सौसरचे नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक आहे पण खुद्द तालुक्यात त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. पांढुर्ण्याकडचा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा. सौसरच्या पूर्व बाजूस मात्र त्या काळ्या थराखालचे फार जुने, उष्णता व दाबाने रूपांतरित झालेले खडक उघडे पडतात : संगमरवर, शिस्ट, क्वार्टझाइट आणि त्यांच्यात अडकलेले मँगनीजचे धातुक. छिंदवाड्यापासून नागपूर, भंडाऱ्यावरून बालाघाटपर्यंत कमानीसारख्या पसरलेल्या, दोनशे किलोमीटरांहून लांब अशा या पट्ट्याला भूविज्ञानात ‘सौसर गट’ म्हणतात. भारतातील मँगनीजचा सर्वांत महत्त्वाचा साठा याच पट्ट्यात आहे आणि नागपुरात मुख्यालय असलेल्या ‘मॉइल’ या मँगनीज कंपनीच्या मनसर, डोंगरी बुजुर्ग, भरवेली या खाणीही याच पट्ट्यातल्या.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात १९०२ मध्ये दाखल झालेल्या लुईस ली फर्मर (१८८०–१९५४) यांनी हे खडक हिंडून तपासले. भारतातील मँगनीज धातुकांवरचा त्यांचा प्रचंड ग्रंथ १९०९ मध्ये निघाला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्टझ यांच्या खडकाला त्यांनी गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते आजही चालते. याच भागातल्या सीतापारच्या मँगनीज साठ्यातून आलेल्या एका खनिजाला ‘सीतापाराइट’, तर दुसऱ्याला १९१० मध्ये फर्मर यांच्या सन्मानार्थ ‘फर्मोराइट’ म्हटले गेले. पुढच्या संशोधनात पहिले खनिज आधीच माहीत असलेले बिक्सबाइट निघाले. दुसऱ्याचे नाव २०१० मध्ये अपेटाइट कुलाची फेरमांडणी झाली तेव्हा गळाले. सौसर गट हे नाव मात्र टिकले. सीतापार, कच्छीधाना, गोवारी वाढोणा या नावांनी विद्यापीठांतल्या शोधनिबंधांत जागा मिळवली, पण रस्त्यावर त्यांच्याविषयी सांगणारा एखादा फलकही नसावा, ही उणीव भरून काढण्यासारखी आहे.

फर्मर यांचे चिरंजीव पॅट्रिक ली फर्मर (१९१५–२०११) हे विसाव्या शतकातील नामवंत प्रवासलेखक. त्यांचे नाव जोडले गेले ते ग्रीसशी, विशेषतः क्रीट या डोंगराळ बेटाशी. दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त क्रीटच्या डोंगरांत ते धनगरांच्या वेषात राहिले, आणि एप्रिल १९४४ मध्ये तेथील साथीदारांसह त्यांनी जर्मन सेनापती क्रायपे याला पळवून डोंगरवाटांनी बेटाबाहेर नेले. क्रीटवर अडीच हजार मीटरांच्या आसपासची शिखरे आहेत. समारियाची घळ सोळा किलोमीटर उतरत थेट समुद्रकाठच्या आयिया रूमेली गावी येते. मेंढपाळी, ऑलिव्ह आणि हातमाग यांवर जगलेली जुनी गावे उतारांवर वसली आहेत. अनोयिया हे त्यांतले विणकामासाठी प्रसिद्ध गाव ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनांनी बेचिराख केले आणि गावकऱ्यांनी ते पुन्हा उभे केले. क्रीटला जाणारे बहुतेक पाहुणे किनाऱ्यावरच रमतात, बेटाचा संसार मात्र वरच्या गावांत चालतो. बोरगावच्या महामार्गाचेही त्या किनाऱ्यासारखेच आहे. मुक्काम रस्त्यावर होतो आणि मुलूख आत राहतो.

इतिहास : हा प्रदेश देवगडच्या गोंड राज्याचा. देवगडचा किल्ला घाटावर, आजच्या मोहखेड तालुक्यात आहे. नगारखाना, मोतीटाकी आणि रानात विखुरलेल्या बावड्या अजून दिसतात, आणि गाळाने बुजलेल्या अनेक बावड्या अलीकडच्या वर्षांत उपसून मोकळ्या करण्यात आल्या. याच घराण्यातील बख्तबुलंद शाहाने घाट उतरून मैदानाकडे नजर वळवली आणि १७०२ मध्ये नागपूर वसवले. नागपूरच्या माणसाने देवगड पाहावा तो यासाठी, की त्याच्या शहराची सुरुवात तेथे झाली. अठराव्या शतकाच्या मध्यास राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, १८५४ मध्ये ते इंग्रजांनी खालसा केले आणि पुढे हा भाग मध्य प्रांतात आला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्याला जोडला गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. सौसर-पांढुर्ण्याची सोयरीक, बाजार, दवाखाना आणि उच्च शिक्षण यांचा ओढा मात्र नागपूरकडेच राहिला. घरात मराठी, शाळेत व कचेरीत हिंदी, घाट चढला की गोंडी, आणि पोवार-भोयर समाजात त्यांची स्वतःची बोली, असा येथला व्यवहार आहे.

कापड व रेल्वे : ब्रिटिशकालीन गॅझेटियरात लोधीखेड्याची नोंद जाड्याभरड्या सुती कापडासाठी आणि तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी आहे. पुढे बोरगावचे औद्योगिक विकास केंद्र उभे राहिले, आणि १९९१ मध्ये रेमंड कंपनीची लोकरी सुटिंगची गिरणी येथे सुरू झाली. कोष्ट्यांच्या मागापासून मेरिनो लोकरीपर्यंतचे हे अंतर एकाच तालुक्यात, फार तर शंभर वर्षांत कापले गेले.

नागपूर–छिंदवाडा ही अडीच फुटी नॅरोगेज रेल्वे बंगाल-नागपूर रेल्वेने पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर बांधली. सावनेर, लोधीखेडा, सौसर, रामाकोना, भिमालगोंदी, उमरानाला अशी थांबत ती घाट चढे. दूधवाले, शाळकरी मुले, बाजाराच्या टोपल्या घेऊन निघालेल्या बायका ही तिची खरी गिऱ्हाइके. २०१५ च्या अखेरीस ती रुंदीकरणासाठी बंद झाली, आणि मोठ्या रुळांवरची थेट गाडी २०२२ मध्ये धावू लागली. नव्या मार्गावरूनही घाटाचा देखावा उत्तम दिसतो. रामाकोना ते उमरानाला या टप्प्यात, कुकडीखापा धबधब्याच्या परिसरात, पावसाळ्यानंतर उजव्या-डाव्या दोन्ही खिडक्या पाहण्याजोग्या असतात.

देवस्थाने : जामसावळी हे परिसरातील सर्वांत मोठे देवस्थान. येथील हनुमान उभा नाही, पिंपळाखाली निजलेला आहे. शनिवार-मंगळवारी आणि चैत्र पौर्णिमेला नागपूर, अमरावती, बैतूलकडून माणसे लोटतात. येथे ‘हनुमान लोक’ हा मोठा परिसर-विकास राज्य शासनाने हाती घेतला असून त्याचे भूमिपूजन २०२३ मध्ये झाले. सर्पा नदीकाठच्या मोहगाव हवेली येथे अर्धनारीश्वराचे जुने शिवमंदिर आहे. जामसावळीची गर्दी नको असेल त्याने मोहगावला जावे.

नवस फेडताना या भागात रोडग्यांचा स्वयंपाक होतो. जाडसर गव्हाची कणीक घट्ट मळून तिच्या पाऱ्या करतात. एका पारीत दुसरी, तिच्यात तिसरी असे गुंडाळत मुठीएवढा गोळा वळतात. गोवऱ्यांचा जाळ विझून निव्वळ आर उरला की गोळे त्यात पुरून ठेवतात. वरचा पापुद्रा करपू लागला की बाहेर काढून राख फडक्याने झटकायची, हाताने फोडायचे आणि वर तुपाची धार सोडायची. सोबत वरण आणि भरपूर सांबार (कोथिंबीर) घातलेली वांग्याची भाजी. पंगतीत वाटसरूला ‘बसा जी’ म्हणून हाक मारली जाते. ती हाक नाकारू नये.

गोटमार : पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्याला झेंडा बांधतात, आणि दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगडांचा वर्षाव सुरू होतो. झाड तोडून झेंडा चंडीमातेच्या चरणी नेला की खेळ संपतो. पांढुर्ण्याचा तरुण आणि सावरगावची मुलगी पळून जात असता नदीत दोन्हीकडून दगडफेक झाली, या कथेशी प्रथेचा संबंध जोडला जातो. त्याच दिवशी नागपुरात मारबतींच्या पुतळ्यांच्या मिरवणुका निघतात आणि लहान मुले लाकडी बैल सजवून तान्हा पोळा करतात. एकाच संस्कृतीत एका दिवसाची इतकी वेगवेगळी रूपे असावीत, याचा अभ्यास व्हायला हवा. पण गोटमारीत दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, जमावबंदी लावून पाहिली. गावाने ते मानले नाही. डोके फुटलेल्या पोराच्या आईला परंपरेचा अभिमान विचारणे क्रूरपणाचे आहे. झाड, झेंडा आणि चंडीमातेची पूजा यांवर सण उत्तम चालेल, दगड नसले तरी. पाहुण्यांनी तमाशा म्हणून त्या दिवशी काठावर उभे राहू नये.

शेती व प्रवास : कपाशी, तूर, ज्वारी ही झेरघाटाची जुनी पिके. पांढुर्णा आणि सौसर येथे संत्र्याच्या बागा काटोल-नरखेडच्या बागांना सलग भिडतात. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. तोडणीच्या दिवसांत रस्त्याकडेला पसरलेल्या हिरव्या जाळ्या, क्रेट आणि बाजूला बसून फळे निवडणाऱ्या बाया हे सर्वत्र दिसणारे दृश्य. बागेत शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे. तो बहुधा स्वतःच फळ तोडून देतो.

नागपूरहून सौसरपर्यंत एस. टी. आणि खासगी बस भरपूर, पांढुर्णा दिल्ली–चेन्नई लोहमार्गावर असल्याने तेथे थेट रेल्वेने उतरता येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. एप्रिल-मेची काहिली नवख्या माणसाला सोसत नाही. एका दिवसात जामसावळी, मोहगाव आणि कन्हानचा काठ होतो. देवगडसाठी दुसरा दिवस राखावा आणि सिल्लेवानी घाट उजेडातच चढावा. त्याहून वेळ असेल तर छिंदवाड्यावरून तामियाकडे, भारिया आणि गोंड लोकांच्या पातालकोटच्या दरीत उतरावे. ८,३६७ हेक्टरांची ही दरी २०१९ मध्ये जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाली असून तामिया परिसरातल्या काही गावांत आता घरगुती मुक्कामाची सोय आहे. बोरगाव आणि सौसरच्या आतल्या गावांत मात्र अशी सोय उभी राहिलेली नाही. मुक्काम सौसर, पांढुर्णा किंवा छिंदवाडा येथे करून दिवसा हिंडावे लागते, आणि आडगावच्या रस्त्यांना संध्याकाळनंतर बस मिळत नाही.