डॉल्फिनची बोली : आवाजातून कळणारे कूळ

1964 साली व्हँकूवरच्या मत्स्यालयाला ओर्काची हुबेहूब प्रतिकृती घडवून हवी होती. नमुन्यासाठी एक ओर्का मारून आणण्याचे काम एका शिल्पकारावर सोपवले गेले. भाला लागला, पण प्राणी मेला नाही. 'मोबी डॉल' या नावाने तो जेमतेम तीन महिने बंदिवासात जगला आणि त्या काळात त्याचे आवाज ध्वनिफितीवर नोंदवले गेले. ओर्का हा डॉल्फिन कुळातील सर्वांत मोठा प्राणी. मात्र हा ओर्का कोणत्या कळपातला, हे आवाजावरून ओळखता येईल अशी कल्पनाही तेव्हा रूढ नव्हती.

पुढच्याच वर्षी, 1965 मध्ये, मेल्बा आणि डेव्हिड कॉल्डवेल यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले की प्रत्येक बॉटलनोज डॉल्फिनची शीळ स्वतंत्र घडणीची असते. आवाजातून एकेका प्राण्याची ओळख पटते, हे त्यातून स्पष्ट झाले. आवाजातून समूहाचीही ओळख पटते का, हा प्रश्न मात्र उरला.

त्याचे उत्तर ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर मिळाले. 1970 च्या दशकात मायकेल बिग यांनी पाठीवरचा पर आणि त्यामागील करडा डाग यांच्या छायाचित्रांवरून एकेक ओर्का ओळखण्याची पद्धत रुजवली. त्यामुळे कोणता आवाज कोणत्या कळपाचा, हे ठरवणे शक्य झाले. जॉन फोर्ड यांनी वर्षानुवर्षे ध्वनिमुद्रण करून दाखवले की मासे खाणाऱ्या या ओर्कांच्या प्रत्येक कळपाचा हाकांचा संच ठरलेला असतो. काही कळपांच्या हाका एकमेकांशी जुळतात, तर काहींची एकही हाक जुळत नाही. विशेष म्हणजे असे भिन्न बोलींचे कळप एकाच पाण्यात, कधी शेजारी शेजारीही पोहतात. पाणी एकच असताना बोली वेगळी असेल, तर तिचे कारण पाण्यात शोधून चालत नाही. पिल्ले ती आईकडून आणि आप्तांकडून शिकतात. ती कुटुंबाची परंपरा असते. पुढे फोर्ड यांनी मोबी डॉलच्या जुन्या ध्वनिफिती ऐकल्या. त्या हाका 'जे' कळपाच्या निघाल्या.

या ज्ञानाचा कस 2002 मध्ये लागला. सिएटलजवळ एक पोरके, आजारी पिल्लू एकटेच भटकताना आढळले. त्याच्या हाका उत्तरेकडील 'ए' कुलाच्या होत्या. उपचारानंतर 'स्प्रिंगर' नावाच्या या मादीला जॉन्स्टन सामुद्रधुनीत सोडण्यात आले. ती आपल्या आप्तांत मिसळली आणि 2013 मध्ये तिला स्वतःचे पिल्लू झाले.

म्हणून आवाजातला प्रत्येक फरक म्हणजे बोलीच, असे मात्र नाही. भारतीय उपखंडातील नद्या हीच सावधगिरी शिकवतात. श्वास सोडतानाच्या आवाजावरून 'सूसू' नाव मिळालेल्या गंगा डॉल्फिनच्या डोळ्यांत भिंग नसते. गढूळ पाण्यात तो क्लिकसारखे अतिसूक्ष्म आवाज काढून त्यांच्या प्रतिध्वनींवर वाट काढतो. 2013 मध्ये बांगलादेशातील सुंदरबनात केलेल्या अभ्यासात या क्लिकची मुख्य वारंवारता 61 किलोहर्ट्झच्या आसपास आढळली. म्हणजे पाण्यात तरंगलांबी सुमारे अडीच सेंटिमीटर. तेथील इरावडी डॉल्फिनच्या तुलनेत हे क्लिक क्षीणही होते. उथळ, वळणावळणाच्या पात्रात जवळचेच नेमके ऐकू येणे महत्त्वाचे असते. बिहारमधील गंगेवर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जहाजांच्या गोंगाटामुळे डॉल्फिनचे आवाज काढण्याचे वर्तन बदलते, असे दिसले. म्हणून दोन ठिकाणच्या आवाजांची तुलना करताना आधी पात्राची खोली, गोंगाट आणि प्राण्यांची हालचाल यांचा हिशेब करावा लागतो. तो करूनही जो फरक उरेल, त्यालाच बोली म्हणण्याचा विचार करता येतो.

भारतीय किनाऱ्यावर ही पायाभरणी सुरू झाली आहे. महाराष्ट्राच्या दक्षिण किनाऱ्यालगत नोंदवलेल्या हम्पबॅक डॉल्फिनच्या शिळांचे वर्गीकरण 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. उद्या दुसऱ्या किनाऱ्यावरच्या शिळा नोंदवल्या गेल्या, तर त्यांच्याशी ताडून पाहण्यासाठी ही नोंद हाताशी असेल.

मार्च 2025 मध्ये देशातील नदी-डॉल्फिनची पहिली व्यापक गणना जाहीर झाली : एकूण 6,327. त्यांत पंजाबातील बियास नदीतले सिंधू डॉल्फिन केवळ तीन. धरणे आणि बंधाऱ्यांमुळे त्यांचा पाकिस्तानातील मोठ्या समूहाशी संबंध तुटलेला आहे. एकूण आकड्यात हे तीन नगण्य वाटतात; परंतु समूहांमधला फरक जाणायचा असेल, तर भारतातील सिंधू डॉल्फिनची बाजू मांडणारे तेवढेच आहेत. त्यांचे आवाज दिनांक, ठिकाण आणि पाण्याची खोली यांसह नोंदवून जपायचे, तर ते हयात असतानाच. समूह नाहीसा झाला, तर त्याच्या आवाजाविषयी प्रश्न विचारण्याची सोयही त्याच्याबरोबर संपते.