पहिलटकरीण

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात 'पहिलटकरीण' हा शब्द सापडत नाही. लढाया सापडतात, तह सापडतात, राजपुत्रांच्या जन्मतिथी तर घोकूनच घ्याव्या लागतात. पण त्या तिथीच्या आदल्या रात्री कोणा एका मुलीने पहिल्यांदाच कळा सोसल्या असतील, याची नोंद नसते. गेली तीसएक वर्षे मी हा विषय शिकवतो आहे आणि ही उणीव मला वर्षागणिक अधिक बोचते. म्हणून यंदा संपादकांनी लेख मागितला तेव्हा किल्ले आणि ताम्रपट बाजूला ठेवून बाळंतिणीच्या खोलीत डोकावायचे ठरवले. पुरुषाने त्या खोलीत जाऊ नये असा रिवाज होता खरा. पण इतिहासाच्या मास्तराला एवढी सवलत असावी.

आपल्या सीमाभागात या विषयाला दोन भाषांचे शब्द आहेत. आपली बाळंतीण, त्यांची बाणंती. आपले माहेर, त्यांचे तवरू. आपली सुईण, त्यांची सूलगित्ती. आपली पहिली खेप, त्यांचे चोच्चल. बाळंतीण आणि बाणंती शेजारी उभ्या केल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. कोणी कोणाकडून काय घेतले हा वाद इथे काढत नाही. वादांची आपल्याकडे कमतरता नाही. चालरीत मात्र दोन्ही घरांत एकच. सातव्या महिन्यात ओटी भरून, डोहाळे पुरवून मुलीला माहेरी आणायचे आणि पहिले बाळंतपण आईच्या डोळ्यांसमोर करायचे. या रिवाजात मोठे शहाणपण होते असे माझे मत आहे. पहिलटकरणीला वेळ लागतो. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जे काही तासांत उरकते, त्याला पहिल्या वेळी बारा-पंधरा तास, कधी त्याहूनही जास्त लागतात. कारण गर्भाशयाचे तोंड आधी मऊ व पातळ होते आणि मगच पुरते उघडते. एवढा वेळ धीर धरायला सासरचे परके घर नव्हे, आईच हवी.

खोली मात्र घरातली सर्वांत अंधारी. वारा लागू नये, दृष्ट लागू नये म्हणून खिडक्या बंद. बाजेखाली शेगडी, तीत ओवा, बाळंतशेप आणि उदाची धुरी. अंथरायला जुनी फाटकी लुगडी, कारण सोयर फिटले की ती टाकूनच द्यायची. नाळ कापायला विळा नाहीतर सुरी, जे हाताशी असेल ते. माझ्या आजीची पहिली खेप अशाच खोलीत झाली. ती सांगायची, "कळांचं काही नाही रे, धुराने जीव गुदमरला." तिचा पहिला मुलगा पाचव्या दिवसापर्यंत छान दूध ओढत होता. मग त्याने तोंड मिटून घेतले, अंग धनुष्यासारखे ताठ झाले आणि सटवीची रात्र उलटायच्या आत तो गेला. सटवीने कपाळावर एवढेच लिहिले होते, असे घरात ठरले.

आज या लक्षणांना आपण नवजात बालकाचा धनुर्वात म्हणतो. न उकळलेल्या हत्याराने नाळ कापली, किंवा तिला शेण-राख लावली, की जंतू आत शिरतात आणि साधारण तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत रोग दिसतो; बहुतेकदा पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. पाचवी-सहावीच्या रात्री दिवा विझू द्यायचा नाही आणि आईने जागे राहायचे, या प्रथेमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा हाच अनुभव असावा असे मला वाटते. भय खरे होते, फक्त त्याचा पत्ता चुकला होता. गरोदरपणी लसीची सुई टोचून आणि नाळेसाठी कोरे पाते वापरून हा रोग इतका हटला, की 2015 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे मान्य केले. निर्मूलन म्हणजे कोणत्याही जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी रुग्ण.

मग सगळा दोष सुईणीचा का? इंग्रज अंमलातल्या डॉक्टरांनी तसे पुष्कळ लिहून ठेवले आहे, आणि आपल्या सुधारकांनीही त्यांची री ओढली. मला हा निवाडा एकतर्फी वाटतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सूतिकागाराचे वर्णन आहे. प्रसूतीच्या वेळी वयाने पोक्त, प्रसूतीच्या कामात कुशल आणि नखे कापलेल्या अशा चार बायका जवळ असाव्यात, असे तिथे सांगितले आहे. नखे कापलेल्या! म्हणजे हाताच्या स्वच्छतेचा विचार आपल्याकडे झाला होता. तो बाजेपर्यंत पोचला नाही, एवढेच. आणि युरोपात तरी काय होते? 1847 साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या ध्यानात आले, की जिथे डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणे करतात त्या विभागात बाळंतज्वराने सुइणींच्या विभागापेक्षा कितीतरी जास्त बायका मरतात. डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी मोठमोठ्या वैद्यांनी त्याचे म्हणणे झिडकारले. 1865 साली तो वेड्यांच्या इस्पितळात वारला.

त्याच 1865 साली, 31 मार्चला, आपल्याकडे यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई गोपाळराव जोशी झाली. पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हणून तिचे नाव चौथीच्या मुलालाही ठाऊक असते. ती पहिलटकरीण होती हे मात्र आपण भरभर वाचून पुढे जातो. वय 14. मुलगा झाला आणि अवघे दहा दिवस जगला. ज्या वयाच्या मुली माझ्या शाळेत नववीच्या बाकांवर बसून वेणीची रिबीन सारखी करतात, त्या वयात तिने कळा सोसल्या, मूल पाहिले आणि गमावलेही. सोळा वर्षांच्या आतल्या मुलीला गर्भ राहिला तर तो पोटातच दगावतो, जन्मला तर फार जगत नाही, जगलाच तर दुबळा राहतो, हेही सुश्रुतसंहितेने सांगून ठेवले होते. संमतिवयाच्या विधेयकावरून पुण्या-मुंबईत रण माजले तेव्हा हा आधार दाखवला गेला. आणि 1891 साली एवढ्या भांडणातून मिळाले काय, तर 10 चे वय 12 झाले.

आनंदीबाईने या दुःखाचे जे केले ते इतिहासात दुर्मीळ आहे. 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरला, म्हणजे कलकत्त्याजवळच्या सेरामपूरला, तिने जाहीर भाषण केले आणि हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज का आहे आणि आपण का निघालो आहोत, ते सांगितले. एप्रिलमध्ये ती बोटीत चढली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयातून 11 मार्च 1886 रोजी ती एम. डी. झाली. प्रबंधासाठी कोणताही विषय घेता आला असता. तिने घेतला आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. जुने संस्कृत ग्रंथ आणि नवी अमेरिकन पुस्तके तिने एका टेबलावर आणली. त्या पानांवर दहा दिवसांच्या मुलाचा उल्लेख नसेना का, प्रबंध त्याच बाजेपासून सुरू झाला असे मी मानतो.

तिला नेमणूक मिळाली ती आपल्या शेजारच्या कोल्हापुरात, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागाची प्रमुख म्हणून. आज ज्याला आपण सीपीआर म्हणतो आणि इथलेही कितीतरी रोगी जिथे जातात, ते हेच. पण क्षयाने पोखरलेली आनंदीबाई कामावर रुजूच होऊ शकली नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात ती गेली, तेव्हा बाविसावे वर्ष अजून पुरे व्हायचे होते. पुढे त्याच रुग्णालयात कृष्णाबाई केळवकर स्त्रियांच्या डॉक्टर म्हणून राबल्या. त्यांच्या शिक्षणाला शाहू महाराजांचा हात होता.

नंतरचा प्रवास लांबचा आहे, पण दोन आकड्यांत मावतो. 1992-93 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभरातली जेमतेम 26 बाळंतपणे दवाखान्यात होत होती. 2019-21 च्या पाहणीत 89 च्या घरात. हे यश लहान नाही. मात्र या बदलात माहेरची आई दाराबाहेर राहिली.

1998 साली आमच्या घरी पहिली खेप होती. तालुक्याच्या एका दवाखान्यात सौ. ला आत नेले आणि सासूबाईंना बाहेरच्या बाकावर बसवले. नर्सबाई दक्षिणेकडून बदलून आलेल्या. कामाला चोख, पण मराठीचा गंध नाही. सौ. ला बाजारापुरते कन्नड येते. पण भाव करायची भाषा वेगळी आणि कळांची वेगळी. जोर कधी लावायचा आणि कधी आवरायचा हेच तिला कळेना. शेवटी फरशी पुसणारी आया बादली ठेवून तिच्या उशाशी गेली आणि एकेक वाक्य मराठीत सांगत राहिली. चौदा तासांनी मुलगी झाली. तिच्या कागदावर डॉक्टरांची सही आहे, नर्सबाईंची आहे. आयाचे नाव कुठे नाही.

बाळंतिणीजवळ धीर द्यायला सतत एक माणूस असले, की कळांचा काळ कमी होतो आणि शस्त्रक्रियाही कमी कराव्या लागतात, हे आता जगभरच्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. केंद्र सरकारने 2016 साली सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी एक सोबतीण आत ठेवायला मान्यता दिली. ती बाई असावी, स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, स्वच्छ असावी, तिला कसला संसर्ग नसावा, अशा अटी आहेत. त्या वाचताना मला सुश्रुताच्या चार बायका आठवल्या. चाराची एक झाली एवढाच फरक. आपल्या बाजूच्या अनेक घरांना ही सोय ठाऊकच नाही. ज्यांच्या घरी यंदा पहिलटकरीण आहे त्यांनी तायी कार्ड काढायला जाल तेव्हाच विचारून ठेवावे, कन्नडात विचारले तरी चालेल.