दफन केलेली तौरात

२९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना चक्रीवादळ अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर आदळले. न्यू ऑर्लिन्समधील कालव्यांच्या पूरभिंती फुटल्या आणि सुमारे ८० टक्के शहर पाण्याखाली गेले. हजाराहून अधिक माणसे दगावली. त्या हाहाकारात एका छोट्या जमातीचा वारसाही बुडाला.

लेकव्ह्यू वस्तीत बेथ इस्रायल हे सनातनी यहुद्यांचे सिनेगॉग होते. (कोकण-मुंबईतले मराठीभाषक बेने इस्रायल सिनेगॉगला मशीदच म्हणत.) इथे १० फूट पाणी चढले. तौरातच्या ७ गुंडाळ्या निकामी झाल्या. ३,००० हून अधिक प्रार्थनाग्रंथही गेले. तौरात चामड्यावर हाताने लिहितात. एका गुंडाळीत ३,०४,८०५ अक्षरे असतात आणि ती लिहायला वर्षभर लागते. एक अक्षर बिघडले तरी ती दुरुस्त होईपर्यंत पठणाला चालत नाही.

निकामी तौरात दफन करण्याचा यहुद्यांचा रिवाज आहे. कुरआनचे जीर्ण पारे पाक जागी दफन करणाऱ्या आपल्याला त्यामागची भावना समजावून सांगायला नको. पण शहर ओस पडलेले, जमात पांगलेली. अशा वेळी सिनेगॉगच्या कार्यालयात काम करणाऱ्या, स्वतः यहुदी नसलेल्या एका बाईने त्या गुंडाळ्या आपल्या परसात पुरून ठेवल्या. २००६ मध्ये जमातीने आपल्या दफनभूमीत त्यांचे रीतसर दफन केले.

बेघर जमातीला आसरा दिला तो मेटेरी येथील ‘गेट्स ऑफ प्रेयर’ या सुधारणावादी यहुदी जमातीने. स्त्री-पुरुषांनी एकत्र बसावे की नाही, इथपासून दोघांत मतभेद. तरीही त्यांनी जागा दिली, पुढे शेजारची जमीनही विकत दिली. तेथे ऑगस्ट २०१२ मध्ये नवे सिनेगॉग उभे राहिले.

हा केवळ आसमानी कहर होता काय? पूरभिंतींच्या रचनेतच दोष होते, हे त्या बांधणाऱ्या अमेरिकी लष्कराच्या अभियंता विभागाने २००६ मध्ये मान्य केले. वादळ माणसाच्या हाती नसते. भिंत मात्र असते.

आपल्या गावच्या मशिदीचे वक्फनामे, जुन्या सनदा, हस्तलिखित कुरआन कोणत्या कपाटात आहेत? ते कपाट जमिनीपासून किती उंच आहे? त्यांची छायाप्रत दुसरीकडे आहे का? ही अमानत आहे. पाणी दारात येण्याआधी या प्रश्नांची उत्तरे आपल्याकडे हवीत.