डोकं, सायकल आणि हातगाडी
बुऱ्हाणपूरहून धूळकोट किंवा खकनारच्या दिशेने निघालं की सातपुड्याचं जंगल लागतं. मार्च-एप्रिलात इथल्या बारेला आणि कोरकू वस्त्यांतली माणसं पहाटे मोहाची फुलं वेचतात, अंगणात वाळवतात, पोत्यात भरतात. मग प्रश्न उरतो तो पोतं बाजारात न्यायचं कशावर. भारताच्या राजपत्रात याची दोन उत्तरं छापलेली आहेत, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत.

1927 च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम 41 ने वनोपजाच्या वाहतुकीवर नियम करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्याच आधारावर मध्य प्रदेशाने 2000 साली आपले वाहतूक नियम केले. त्यांत परवाना वन खात्याचा होता. तो नसला तर नाक्यावर माल अडायचा आणि गाडीही अडकायची.

डिसेंबर 2006 मध्ये संसदेने वनहक्क कायदा मंजूर केला. गौण वनोपज गोळा करणं, वापरणं आणि विकणं हा जंगलवासीयांचा हक्क ठरला. याच कायद्यात शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा 13 सोयींसाठी वनजमीन देण्याची तरतूद आहे. प्रत्येक कामाला एक हेक्टरहून कमी जमीन, हेक्टरी फार तर 75 झाडं तोडायची. म्हणजे गावापर्यंत रस्ता यावा, हे संसदेला मान्य होतं.

आता याच कायद्याखालचे 1 जानेवारी 2008 चे नियम पाहा. विक्रीच्या व्याख्येत वनक्षेत्रातल्या वाहतुकीची साधनं मोजून दिली आहेत: डोक्यावरचा भारा, सायकल, हातगाडी. पुढे एक छोटं वाक्य: मोटार वाहनांना चालू परवाना नियम लागू राहतील. कायद्याने दिलेला हक्क या एका वाक्याने पुन्हा वन खात्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. ज्याच्या मालाला टेम्पो मिळत नाही, त्याला व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो. म्हणून ही तीन साधनं मला किरकोळ वाटत नाहीत.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने हा पेच बांबूवरून पुढे आणला. सामूहिक वनहक्क मिळूनही बांबू बाहेर काढायला परवाना लागत होता. 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावाचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांच्या अनेक वर्षांच्या चिकाटीचं ते फळ होतं.

6 सप्टेंबर 2012 रोजी नियमच बदलला. सायकल-हातगाडीची यादी गेली. जंगलात आणि जंगलाबाहेरही योग्य त्या वाहनाने माल नेता येईल, असं आलं. परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देईल, परवान्याच्या सोपस्काराने विक्रीच्या हक्काला बाध येणार नाही, आणि गोळा करण्यावर रॉयल्टी वा शुल्क नसेल, हेही स्पष्ट झालं. ही दुरुस्ती संसदेच्या मतदानाने नव्हे, आदिवासी कार्य मंत्रालयाच्या अधिसूचनेने झाली. पण मंत्री होते व्ही. किशोर चंद्र देव. 2006 मध्ये वनहक्क विधेयकाची तपासणी करणाऱ्या संयुक्त संसदीय समितीचे अध्यक्षही तेच. विधेयक कलम-कलम वाचलेल्या माणसाच्या कारकिर्दीत मोटार वाहनांवरचं ते वाक्य गेलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

खकनारच्या बाजाराला मोहाची पोती घेऊन निघालेल्या टेम्पोला कोणी अडवलं, तर केंद्राच्या नियमाप्रमाणे दाखवायचा कागद ग्रामसभेच्या समितीचा. तारीख लक्षात ठेवावी: 6 सप्टेंबर 2012.