कानाला हात

'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' हा न्यू यॉर्कच्या क्वीन्समधल्या पोरांचा गट. 'द लो एंड थिअरी' हा त्यांचा दुसरा अल्बम सप्टेंबर १९९१ मध्ये आला. मी तो बऱ्याच उशिरा ऐकला, तेव्हा शेजारी मामू बसले होते. मामूंनी तरुणपणी तबला शिकलेला. पहिलंच गाणं एका डबल बासवर उभं आहे.

"बास कोण वाजवतंय?" मामूंनी विचारलं.

म्हटलं, जुन्या रेकॉर्डमधला तुकडा आहे, सॅम्पल.

"म्हणजे चोरीच की!"

मला उत्तर सुचलं नाही. मग तो तुकडा कुठला, ते शोधलं. जॅझमधले थोर ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांच्या 'अ चँट फॉर बू' या १९७३ च्या रचनेतला तो निघाला. हा 'बू' म्हणजे खुद्द ब्लेकी. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते मुसलमान झाले आणि त्यांनी अब्दुल्ला इब्न बुहैना हे नाव घेतलं. त्यातलंच हे 'बू'. यूसुफ लतीफ, अहमद जमाल हेही त्याच पिढीतले. या धर्मांतरांमागे अहमदिया प्रचारकांचं काम होतं आणि त्याची सुरुवात १९२० साली फिलाडेल्फियाला उतरलेल्या मुफ्ती मुहम्मद सादिक यांनी केली होती. ते आले होते आपल्या पंजाबातून.

ब्लेकी ऑक्टोबर १९९० मध्ये वारले. वर्ष व्हायच्या आत त्यांचा तुकडा या पोरांच्या अल्बमच्या सुरुवातीला वाजला. त्याच गाण्यात क्यू-टिप सांगतो की, रॅप ऐकून वडिलांना बीबॉप आठवायचा. पुढच्या एका गाण्यात तर माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेले रॉन कार्टर स्वतः बास वाजवतात. वडिलांच्या पिढीचं संगीत मुलांनी असं जवळ केलं.

पण त्याच डिसेंबरात बिझ मार्की या रॅपरविरुद्धच्या खटल्याचा निकाल न्यू यॉर्कमध्ये लागला. न्यायाधीशांनी 'चोरी करू नये' या बायबलमधल्या आज्ञेनेच निकालपत्र सुरू केलं. त्यानंतर तुकडा वापरायचा तर आधी परवानगी आणि पैसे, हा नियम पक्का झाला. अनेक तुकडे जोडून गाणं करणं महाग पडू लागलं. मामूंचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. मूळ वादकाच्या हाती काही पडायला हवंच.

तरी मला ही निव्वळ चोरी वाटत नाही. मामू आपल्या उस्तादांचं नाव घेतात तेव्हा कानाच्या पाळीला हात लावतात. बोल उस्तादांचेच, पण ते वाजवल्याबद्दल मामूंना कुणी चोर म्हणत नाही. फरक एवढाच की या गाण्यात ब्लेकींचं नाव उच्चारलेलं नाही. ते शोधायचं काम ऐकणाऱ्याचं. मी ते केलं नसतं तर अब्दुल्ला इब्न बुहैना माझ्यासाठी एक निनावी बासच राहिले असते.

मामूंना अजूनही ती चोरीच वाटते. ब्लेकींची रेकॉर्ड मात्र त्यांनी माझ्याकडून दोनदा मागून नेली आहे.